वास येतोय का?

रात्री साडेदहाच्या सुमारास नांदेडच्या भाग्यनगरात किंवा लातूरच्या औसा रोडवर कुठल्याही फ्लॅटमध्ये एक प्रश्न हमखास ऐकू येतो: “रेग्युलेटर बंद केला का?” विचारणारी बहुधा सासू असते, नाहीतर आई. “केला की” असं उत्तर आलं तरी तिचं समाधान होत नाही. ती उठते, ओट्याखाली वाकते, कळ स्वतःच्या हातानं फिरवून बघते, क्षणभर वास घेते आणि मगच दिवा मालवते. या वाकण्याला कुणी ‘सुरक्षा तपासणी’ म्हणत नाही. त्याची नोंदवही नाही, शिक्का नाही, फी नाही. तरीही मराठवाड्यात घरगुती गॅस आल्यापासून त्याची सर्वांत नियमित तपासणी झाली ती हीच.

ओट्याखालची टाकी घरातल्या बाईच्या नजरेत असते. पण गॅस टाकीतून न येता इमारतीच्या भिंतीवरच्या नळातून आला, तर त्या नळाकडे कुणी बघायचं? तळमजल्यापासून गच्चीपर्यंत गेलेला नळ नेमका कुणाचा? लातूरसाठी हा प्रश्न नवा आहे. मुंबईत तो दीडशे वर्षांपूर्वीच येऊन गेला आणि त्याचं उत्तर तिथं अगदी वेगळं निघालं.

मुंबईत गॅसचा उजेड पहिल्यांदा पडला तो एका घरात. १८३४ मध्ये जहाजबांधणीच्या घराण्यातले अर्देशीर करसेटजी वाडिया यांनी माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळली. तो उजेड बघायला खुद्द गव्हर्नर आले होते. वाडियांचं हे यंत्र म्हणजे एका हुशार माणसाचा खासगी खटाटोप होता. गळती झाली तर जबाबदार तेच आणि पोळले जाणारेही तेच. शहराला गॅस मिळायला आणखी तीस वर्षं गेली. ऑक्टोबर १८६५ मध्ये बॉम्बे गॅस कंपनीचे दिवे रस्त्यांवर लागले. भेंडीबाजार, चर्चगेट स्ट्रीट, एस्प्लनेड रोड अशा ठिकाणी दिवे पेटवत जाणाऱ्या माणसामागून लोकांची गर्दी चालत असे. कंपनीचा कारखाना लालबाग-परळ भागात होता. कारखाना गेला, तरी ‘गॅस कंपनी लेन’ हे नाव लालबागमध्ये आजही टिकून आहे.

हा गॅस कोळशाचा होता. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवायचा, निघालेला वायू धुऊन टाकीत साठवायचा आणि जमिनीखालच्या नळांतून शहरात सोडायचा. त्यात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असे. म्हणजे हा गॅस पेटला नाही तरी नुसता कोंडला तर जीव घेई. एक गुण मात्र त्याच्याकडे होता: त्याला अंगचाच उग्र वास होता. शिवाय तो ओलसर होता. त्यातलं पाणी थंड होऊन नळांच्या सखल भागांत साचायचं, गॅस अडायचा आणि दिवे फडफडायचे. म्हणून त्या जागांवर पाणी गोळा होण्यासाठी भांडी बसवलेली असत आणि कंपनीची माणसं रस्तोरस्ती फिरून हातपंपानं ती उपसत. या कामगारांना ‘सायफन पंपर’ म्हणत. नळ दुरुस्त करणारे वेगळे, जोडण्या बघणारे वेगळे, दिव्यांवाले आणखी वेगळे. शहराच्या पोटातल्या नळाची नाडी रोज हातात धरून बसलेली ही एक फौजच होती.

तिची आठवण कामगार कायद्याच्या पुस्तकांनी जपली आहे. पगारी साप्ताहिक सुट्टीच्या हक्कावरून कंपनी आणि तिचे कामगार यांच्यात वाद झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६३ चा तो निकाल वकील आजही काढतात, कारण थकलेल्या देण्यासाठी कामगारानं किती वर्षांत दाद मागावी याला कायद्याच्या संबंधित कलमात मुदत नाही, असं न्यायालयानं त्यात म्हटलं. गॅसच्या इतिहासाच्या दृष्टीनं त्यातून वेगळीच गोष्ट दिसते. ही माणसं आठवड्याचा एक दिवस घरी बसली तर काम अडत होतं. नळाची देखभाल ही त्या काळी कंपनीच्या हजेरीपटावरची गोष्ट होती. भाडेकरूनं बटण फिरवायचं आणि बिल भरायचं. भिंतीत काय चाललंय याची काळजी त्याची नव्हती.

लातूर-नांदेडला हा अध्याय लाभलाच नाही.

दोन्ही गावं निजामाच्या राज्यात. गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेनं नांदेडला आणि बार्शी लाइट रेल्वेच्या चिमुकल्या गाडीनं लातूरला बाहेरचं जग जोडलं, पण इथं गॅसचा कारखाना कधी उभा राहिला नाही. ‘गॅस’ हा शब्द मात्र आला, आणि आला तो भलत्याच वस्तूसाठी. रॉकेल भरून, हवा मारून पेटवायची पेट्रोमॅक्स म्हणजे गॅसबत्ती. लग्नाच्या वरातीत बत्त्या डोक्यावर घेऊन चालणारी माणसं असत. कीर्तनाला, तमाशाला, पंचायतीच्या सभेला गॅसबत्ती भाड्यानं मिळे. त्या बत्तीत लटकणारी मेंटलची जाळी मूळची ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर यांची. त्यांनी ती १८८० च्या दशकात युरोपातल्या कोळशाच्या गॅसदिव्यांसाठी शोधली, आणि बर्लिनच्या एका कारखान्यानं ती रॉकेलच्या दिव्यात बसवली. मुंबईचा नळ इकडे पोचला नाही, पण नळाच्या टोकावरची जाळी पोचली. मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला ‘गॅस’ म्हटलं की आधी स्वयंपाक नव्हे, उजेड आठवतो, तो असा.

स्वयंपाक चुलीवर आणि पुढे शहरांत रॉकेलच्या स्टोव्हवर. पंप मारायचा, पिन मारायची, ज्योत निळी होईपर्यंत वाट बघायची. रेशनच्या रांगेत डबा ठेवून आपली जागा धरायची. स्टोव्हची देखभाल म्हणजे काय, हे घरातल्या बाईला कुणी शिकवलं नाही; ती शिकली. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली’ ही बातमी सत्तर-ऐंशीच्या दशकांत वर्तमानपत्रांत इतकी ठरावीक झाली होती की वाचणारा ती वाचून गप्प बसे. त्यातले किती भडके स्टोव्हचे होते आणि किती घरातल्यांनी लावलेले, हे शेजाऱ्यांना बहुधा माहीत असे. १९८३ मध्ये दंडसंहितेत विवाहितेच्या छळाविरुद्धचं ४९८-अ हे कलम आलं, त्यामागे अशा मृत्यूंचा मोठा वाटा होता. यंत्र बिघडलं म्हणणं सोयीचं होतं, कारण ते यंत्र तपासायला कुणी येतच नसे.

टाकीबंद गॅस देशात प्रथम विकला तो बर्मा शेलनं, १९५५ च्या सुमारास मुंबईत, ‘बर्शेन’ या नावानं. इंडियन ऑइलच्या इंडेनची पहिली जोडणी २२ ऑक्टोबर १९६५ रोजी कलकत्त्यात दिली गेली. १९७४ नंतर परदेशी तेल कंपन्या सरकारजमा झाल्या आणि एजन्सी जिल्ह्याच्या गावापर्यंत पोचू लागली. मुंबईकर ज्याला ‘बाटला’ म्हणतो त्याला इकडे टाकी म्हणू लागले. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, खासदाराच्या कोट्यातून चिठ्ठी मिळते का बघायचं आणि टाकी घरी आली की तिला हळदकुंकू लावून पेढे वाटायचे. जोडणीचा कागद दागिन्यांसोबत लोखंडी कपाटात जाई. मुलीच्या लग्नात भांड्यांबरोबर गॅसची जोडणी दिली, हे चार लोकांत सांगण्यासारखं होतं.

या सगळ्या आनंदात एक बदल कुणाच्या फारसा लक्षात आला नाही. कोळशाच्या गॅसच्या काळात कंपनीची जबाबदारी शेगडीपर्यंत पोचत होती. टाकीच्या काळात ती व्यवहारात उंबऱ्यापाशी थांबली. टाकी उतरवून माणूस निघून गेला की पुढचं घरानं बघायचं. नियमानं टाकी देणाऱ्यानं वजन दाखवावं, झाकण काढून तोंडाशी पाणी टाकून बुडबुडे येतात का बघावं, आत वायसर शाबूत आहे का तपासावं. चौथ्या मजल्यापर्यंत टाकी खांद्यावरून आणलेल्या माणसाकडून किती घरं हे करून घेतात? वितरकाच्या मेकॅनिकनं ठरावीक मुदतीनं घरी येऊन शेगडी, नळी आणि रेग्युलेटर तपासायचा असतो. ही मुदत पूर्वी दोन वर्षांची होती, पुढे पाच वर्षांची झाली. त्यासाठी फी लागायची आणि फी म्हटलं की दार अर्धंच उघडायचं. अलीकडे तेल कंपन्यांनी टाकी पोचवतानाच फुकट प्राथमिक तपासणीची मोहीम काढली आणि देशभरात १२ कोटींहून अधिक तपासण्या झाल्याचं सरकारनं सांगितलं. आकडा मोठा आहे. एकेका तपासणीला किती मिनिटं मिळाली असतील, याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा.

उरलेल्या सगळ्या दिवसांसाठी नाक.

तो वास गॅसचा नसतोच. एलपीजी आणि नैसर्गिक वायू, दोघांनाही स्वतःचा वास जवळजवळ नाही. त्यात इथाइल मर्कॅप्टनसारखं गंधकाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. याचं मूळ अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या न्यू लंडन गावच्या शाळेत आहे. खर्च वाचवायला शाळेनं तेलविहिरीजवळचा कच्चा वायू घेतला होता. १८ मार्च १९३७ रोजी तळघरात साचलेला हा बिनवासाचा वायू कार्यशाळेतल्या यंत्राच्या ठिणगीनं पेटला. जवळजवळ तीनशे माणसं गेली. बहुतेक सगळी मुलं. त्यानंतर गॅसला वास देण्याचा कायदा झाला आणि तो जगभर पसरला. आज दंडक असा, की गॅस पेट घेण्याइतका साचायच्या कितीतरी आधी, त्या पातळीच्या पाचव्या हिश्श्यालाच वास यायला हवा. नांदेडची सासू दिवा मालवण्याआधी जो वास घेते, तो टेक्सासच्या त्या मुलांमुळे गॅसमध्ये आहे.

आता इमारतींकडे येऊ. लातूरच्या घरांचा इतिहास एका तारखेनं दोन भागांत चिरला गेला आहे: ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसं गेली, आणि त्यांतल्या बहुतेकांचा जीव दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाच्या मातीच्या छतानं घेतला. त्यानंतर माळवदावरचा विश्वास उडाला आणि सिमेंटच्या खांबांवरचं घर म्हणजे सुरक्षित घर, हे समीकरण मनात बसलं. ते खोटं नव्हतं. पण माळवदाच्या घराला धूर जाण्यासाठी छतात झरोका असे. त्या घराला श्वास घेता येई. नव्या फ्लॅटला सरकत्या काचा आल्या, डासांसाठी जाळ्या आल्या, मागच्या बाल्कनीला ग्रिल ठोकून ती स्वयंपाकघरात घेतली गेली. घर भूकंपाला पक्कं झालं आणि गॅसला कोंदट.

त्यात लातूरचं स्वतःचं असं आणखी एक प्रकरण. अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’चा गवगवा झाला आणि राज्यभरातून मुलं शिकवण्यांसाठी इथं येऊ लागली, नांदेडनंही पुढे तोच रस्ता धरला. बैठ्या घरांवर मजले चढले, एका फ्लॅटमध्ये सहा-सहा मुलं राहू लागली, तळमजल्यावर खाणावळ चालू झाली. म्हणजे एकाच जिन्यात घरगुती टाकी, खाणावळीची व्यावसायिक टाकी आणि पोरांच्या खोलीतली छोटी टाकी. या छोट्या टाकीत कुठल्यातरी दुकानात मोठ्या टाकीतून गॅस भरून मिळतो. हे बेकायदा आहे, धोक्याचं आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. अशा इमारतीत रात्री साडेदहाचा प्रश्न विचारणारं कुणी नसतं. आई दीडशे किलोमीटरवर गावी असते आणि फोनवर जेवलास का एवढंच विचारते.

एका स्वयंपाकघरातली चूक बाकीच्यांच्या घरापर्यंत कशी पोचते, याचं शाळेत शिकवावं असं उदाहरण लंडनचं आहे. रोनन पॉइंट ही २२ मजली इमारत उभी राहून दोनच महिने झाले होते. १६ मे १९६८ च्या पहाटे अठराव्या मजल्यावरच्या बाईंनी चहासाठी काडी ओढली. शेगडीच्या नळीला जोडलेलं पितळी नट सदोष होतं, रात्रभर गॅस साचला होता. स्फोट तसा फार मोठा नव्हता. त्या बाई स्वतः वाचल्या. पण बाहेरची भिंत ढकलली गेली, वरचे मजले आधार गेल्यानं कोसळले आणि त्यांच्या भारानं खालचे. इमारतीचा एक कोपरा तळापर्यंत उतरला, चार माणसं गेली. त्यानंतर ब्रिटननं बांधकामाचे नियम बदलले, गॅसची जोडणी करणाऱ्या कारागिरांची नोंदणी सुरू केली आणि पुढे घर भाड्यानं देणाऱ्या मालकावर दर बारा महिन्यांनी गॅसची तपासणी करून घेण्याची सक्ती आणली. तो दाखला भाडेकरूच्या हातात द्यावा लागतो. लातूरच्या सहा मुलांच्या फ्लॅटला असा दाखला लागला असता तर किती फ्लॅट बंद झाले असते, हा विचार सुखाचा नाही.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा, अंमल २००८ च्या डिसेंबरपासून. त्यानुसार उंच निवासी इमारतींनी दरवर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून आगीची यंत्रणा नीट असल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. पण त्या कागदात होज रील, पंप, अग्निशामक यांची गोष्ट असते; कुलकर्ण्यांच्या ओट्याखालच्या नळीला कधी भेगा पडल्या, हे त्यात येत नाही. आणि हा कागद कुणी काढायचा, तर सोसायटीनं. छोट्या शहरांतल्या अनेक इमारतींत सोसायटी म्हणजे पाण्याच्या मोटारीचं बिल वाटून घेणारे चार शेजारी.

२०१८ मध्ये पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या शहरगॅस फेरीत लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, हे दोन जिल्हे युनिसन एन्व्हायरो या कंपनीच्या वाट्याला आले. २०२४ च्या सुरुवातीला ती कंपनी मुंबईच्या महानगर गॅसनं विकत घेतली. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसच्या नळांनीच लालबाग-परळच्या जुन्या गॅसची जागा मुंबईत घेतली. कोळशाच्या गॅसच्या काळात मराठवाड्याला चुकवून गेलेला मुंबईचा नळाचा गॅस असा दीडशे वर्षांनी लातूरच्या दाराशी आला आहे. नांदेडच्या बहुतेक ओट्यांखाली मात्र अजून टाकीच आहे.

लातूरकराला ‘नळ’ या शब्दाचा अनुभव निराळा. इथं नळ म्हणजे आठ-दहा दिवसांनी येणारं पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. दहा वॅगनमधून पाच लाख लिटर, ती पहिली ‘जलदूत’. त्या गावाला चोवीस तास येणारा नळ मिळणार आणि तो गॅसचा, यावर लोक हसले तर नवल नाही.

हसून झाल्यावर शिकायचं बरंच आहे. टाकीतला एलपीजी हवेपेक्षा जड. गळला की जमिनीवर पाण्यासारखा पसरतो. म्हणून टाकी उभी ठेवायची, खालच्या बाजूला झरोका ठेवायचा, वास आला की खाली वाकायचं. नळातला नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका; तो छताकडे जातो. पन्नास वर्षं खाली वाकून वास घेणाऱ्या नाकाला आता वर बघायला शिकावं लागेल, आणि माळवदाचा तो वरचा झरोका सिमेंटच्या भिंतीत पुन्हा पाडावा लागेल. शेगडीचं नोझलही बदलतं, कारण नळातला दाब टाकीच्या रेग्युलेटरपेक्षा कमी, साधारण २१ मिलिबार. जुन्याच नोझलवर नळाचा गॅस चालवला तर ज्योत मरतुकडी दिसते, आणि मग घरचा हुशार माणूस सुईनं भोक मोठं करायला बसतो. स्टोव्हला पिन मारायची सवय दोन पिढ्या मागे लागली आहे.

रस्त्याखालून प्लॅस्टिकच्या नळातून आलेला वायू इमारतीपाशी दाब उतरवून घेतो, मग जाड लोखंडी नळातून मजल्यामजल्यानं वर चढतो. प्रत्येक घराच्या तोंडाशी मीटर, बंद करायची कळ आणि पुढे शेगडीपर्यंत नळी. गॅस सोडण्याआधी त्या नळात नुसती हवा दाबानं भरतात, सगळी तोंडं बंद करतात, काट्याकडे बघत थांबतात. काटा खाली आला तर साबणाचं पाणी घेऊन एकेक जोड शोधायचा. दिवस पहिला, रंग ताजा, तेव्हा हे छान होतं. मग दहा वर्षांत कुणी त्याच नळाला कपडे वाळवायची दोरी बांधतो, एसीवाला भिंतीत भोक पाडताना त्याला धक्का देतो, जोडाशी पावसाचं पाणी मुरून गंज चढतो. हा भाग कुणाच्याच ओट्याखाली नाही. सायफन पंपरसारखा हजेरीपटावरचा माणूसही आता जिन्यात रोज दिसणार नाही. वर्ष-दोन वर्षांनी कुणीतरी ओळखपत्र दाखवून बेल वाजवेल.

त्यालाही घरात वाट मिळायला हवी. अलीकडच्या फ्लॅटमध्ये ओट्याखाली ट्रॉल्या बसतात. नळ दिसायला बरा नाही म्हणून सुतार त्यावर प्लायवूडची फळी मारतो. मीटरही कपाटात जातो आणि मीटरवर चिकटवलेला कंपनीचा आपत्कालीन नंबरही. टाकीच्या गळतीसाठीचा १९०६ पाठ झालेला असतो, पण नळाच्या तक्रारीला तो नंबर चालत नाही. तपासायला आलेला माणूस चवड्यावर बसतो, “ताई, तेवढी खालची ट्रॉली रिकामी करता का?” म्हणतो. मग कुकर निघतो, परात निघते, दिवाळीचे डबे निघतात, फळीचे दोन स्क्रू काढावे लागतात, आणि बंद करायची कळ ज्वारीच्या पिठाच्या डब्यामागे सापडते.